रोजमेरी : बेताच्या काळजीचे रोप

तुळस, गवती चहा, पुदिना आणि पानओवा या परिचित सुगंधी सोबत्यांच्या रांगेत अलीकडे आपल्या गॅलऱ्यांमध्ये एक नवे रोप दिसू लागले आहे. सुईसारखी अरुंद, जाडसर पाने; वरून गडद हिरवी, खालून पांढुरकी. बोटांनी चुरडताच कापूर आणि निलगिरी यांची आठवण करून देणारा तीव्र पण प्रसन्न गंध दरवळतो. हीच रोजमेरी. केसांच्या तेलांच्या जाहिरातींनी तिचे नाव घराघरांत पोहोचवले. नातवंडे हौसेने रोप आणतात, चार दिवसांनी ते आजी-आजोबांच्या स्वाधीन होते आणि बहुधा पहिल्याच पावसाळ्यात दगावते. मग दवाखान्यात तपासणी आटोपल्यावर हळूच विचारणा होते, “डॉक्टर, रोज न चुकता पाणी घालत होतो, तरी रोप वाळलं कसं?” या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दडलेले आहे. रोज न चुकता पाणी घातले म्हणूनच ते वाळले.

स्वभाव ओळखावा

रोजमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. तिकडे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात. खडकाळ उतारांवर, निचऱ्याच्या हलक्या जमिनीत, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर ती वाढते. लॅटिन भाषेतील तिच्या नावाचा अर्थ ‘समुद्राचे दव’ असा लावला जातो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती तुळस, सब्जा, पुदिना आणि मरवा यांच्याच कुळातील आहे. तहान मात्र तुळशीपेक्षा पुष्कळ कमी. तिची अरुंद, जाड पाने ही पाणी जपून वापरण्याची निसर्गाने केलेली सोयच होय.

आपले हवामान तिच्या माहेराच्या नेमके उलट. ऐन उबेच्या दिवसांत चार महिने पाऊस आणि दमट हवा. म्हणून मुंबई व कोकणपट्टीत ती जपावी लागते. पुणे, नाशिक, सातारा या कोरड्या, मोकळ्या हवेच्या भागांत ती सहज रमते. आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या उन्हापासून तिला आडोसा द्यावा लागतो. एवढे ध्यानात ठेवले की पुढची निगा सोपी होते.

लागवड

पावसाळा सरल्यानंतरचा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ लागवडीस उत्तम. बी उगवण्यास फार वेळ लागतो आणि पुष्कळसे उगवतही नाही. त्यामुळे रोपवाटिकेतून तयार रोप आणावे. खोड टणक, नवे शेंडे हिरवे आणि पानांना भरपूर गंध असलेले रोप निवडावे.

कुंडी मातीची, आठ ते दहा इंचांची असावी. मातीच्या कुंडीतून ओलावा बाहेर पडतो. प्लास्टिकच्या कुंडीत तो कोंडून राहतो. तळाचे छिद्र मोकळे आहे, याची खात्री करावी. लाल किंवा पोयट्याची माती दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग आणि गांडूळखत अर्धा भाग असे मिश्रण पुरते. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती टाळावी. समुद्रकाठची वाळूही नको. तिच्यातील क्षार मुळांना बाधतात. कुंडी अशा जागी ठेवावी की तिला दिवसातून पाच-सहा तास ऊन आणि सतत खेळती हवा मिळेल. बंद खोलीतील टेबलावर रोजमेरी शोभते, पण टिकत नाही.

पाणी : पाहून द्यावे, ठरवून नव्हे

तर्जनीचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर तळाच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत सावकाश द्यावे आणि पुन्हा माती वाळेपर्यंत थांबावे. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी एक लाकडी काडी मातीत खोचून बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटून आली, तर ओल आहे असे समजावे. ढोबळ मानाने हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड आणि पावसाळ्यात त्याहून पुष्कळ कमी पाणी लागते. अंतिम निर्णय मात्र मातीचा, कॅलेंडरचा नव्हे.

येथे एक फसगत संभवते, ती समजून घेणे अगत्याचे आहे. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. परिणामी माती ओली असूनही पाने पिवळी-तपकिरी होतात, शेंडे माना टाकतात आणि रोप तहानलेले भासते. आपण आणखी पाणी घालतो आणि रोपाचा शेवट जवळ आणतो. थकवा दिसला की “सलाईन लावा” असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांची अशा वेळी मला आठवण होते. थकव्याचे कारण हृदयाची दुर्बलता असेल, तर शिरेतून दिलेले तेच पाणी फुप्फुसांत साचून जिवावर बेतू शकते. लक्षण दिसले की आधी कारण पाहावे, हा नियम कुंडीलाही लागू आहे. पाने मलूल दिसताच झारी उचलू नये. प्रथम मातीत बोट घालावे.

पावसाळ्यात कुंडी पागोळीपासून दूर, छपराखाली, पण उजेडात ठेवावी. कुंड्या एकमेकींना खेटून नसाव्यात. दमट, कोंदट हवेत पानांवर पांढरी भुरी येते. उन्हाळ्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण सतावतात. बाधित फांद्या काढून टाकाव्यात आणि निंबोळी तेलाची सौम्य फवारणी सायंकाळी करावी. ज्या रोपाची पाने स्वयंपाकात वापरायची, त्यावर तीव्र रासायनिक कीटकनाशक मारू नये. खताचा सोसही नको. थंडीच्या आरंभी आणि पावसाच्या आधी मूठभर गांडूळखत पुरे.

छाटणी हलक्या हाताने, हिरव्या भागापर्यंतच करावी. खालचे पर्णहीन, लाकडासारखे झालेले खोड छाटल्यास तेथून सहसा नवी फूट येत नाही. छाटलेल्या चार-सहा इंचांच्या कोवळ्या डहाळ्या फुकट घालवू नयेत. खालची पाने काढून त्या वाळूमिश्रित, किंचित ओलसर मातीत खोचाव्यात आणि सावलीत ठेवाव्यात. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. सगळ्या जगत नाहीत, म्हणून चार-पाच लावाव्यात.

बागकाम करणाऱ्याची निगा

कुंडी जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंचीच्या भक्कम कट्ट्यावर ठेवावी. वाकणे टळले की गुडघे, कंबर आणि वाकून उठताना येणारी भोवळ, तिन्हींपासून सुटका होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. स्टुलावर चढून टांगलेल्या कुंडीला पाणी घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. उतारवयातील मांडीच्या हाडाचा अस्थिभंग बहुधा अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या पडण्यातून होतो. सांडलेले पाणी लगेच पुसावे, बादलीऐवजी अर्ध्या लिटरची बाटली वापरावी आणि पायांत न घसरणाऱ्या चपला असाव्यात. मधुमेहींनी अनवाणी बागकाम करू नये. पायाला झालेली जखम त्यांना जाणवतेच असे नाही. दमा असणाऱ्यांनी कोरडी माती व खत कालवण्यापूर्वी त्यावर थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही.

कुंडीखालील ताटलीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून केवळ पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा ताटली घासून धुवावी. ताटलीत पाणी न साचू देणे रोजमेरीच्याही हिताचे आहे.

गुण आणि गैरसमज

रोजमेरीचे नाते स्मरणाशी फार जुने. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातील ओफेलिया हीच डहाळी स्मरणाचे प्रतीक म्हणून देते. ब्रिटनमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातील संशोधकांनी 2003 साली निरोगी प्रौढांवर या गंधाचा परिणाम तपासला. स्मरणाच्या काही चाचण्यांत गुणवत्ता किंचित सुधारली, पण आठवण्याचा वेग मंदावला. असा प्रयोग कुतूहलाचा विषय आहे. स्मृतिभ्रंशावरील उपचार नव्हे. त्यावरील गोळ्या बंद करून कोणी या तेलाचा वास घेत बसू नये.

रोपाची पाने आणि बाजारातील अर्कतेल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भाजीत घातलेली चिमूटभर पाने बहुतेकांना निर्धोक असतात. अर्कतेलात मात्र कापूर व सिनिओल ही द्रव्ये एकवटलेली असतात. ते पोटात घेऊ नये. अपस्माराच्या रुग्णांनी त्यापासून दूरच राहावे, कारण कापरामुळे झटके येऊ शकतात. लहान मुलांच्या नाकाशी ते नेऊ नये. डोक्याला लावायचे झाल्यास दुसऱ्या तेलात भरपूर पातळ करून, आधी कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. उतारवयातील पातळ त्वचेला पुरळ लवकर उठते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रोजमेरीचे काढे किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुरू करू नयेत.

मग या रोपाचा खरा उपयोग कोणता? एक तर स्वयंपाकात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाचे मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे. रक्तदाबासाठी मीठ कमी केले की अन्न बेचव लागते, ही ज्येष्ठांची नित्याची तक्रार. बटाट्याच्या काचऱ्या, भोपळ्याचे सूप किंवा परतलेला फरसबी-गाजर यांत बारीक चिरलेली अर्धा चमचा पाने घातली, तर गंधाने चवीची उणीव बरीच भरून निघते.

दुसरा उपयोग सूचनेचा. रोज पाने चुरडून वास घेण्याची सवय असलेल्या माणसाला एक दिवस वास येईनासा झाला, तर तो डॉक्टरांना सांगावा. कारण बहुधा सर्दीच असते. परंतु गंधज्ञान दीर्घकाळ मंदावणे हे कंपवातासारख्या काही विकारांचे आरंभीचे लक्षण असू शकते. शिवाय गॅसगळती किंवा नासलेले अन्न नाकाला कळेनासे होणे हा घरातील धोकाच आहे.

झारी कोणाच्या हाती?

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी केलेला एक प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना स्वतःचे छोटे निर्णय घेण्यास सांगितले. प्रत्येकाला आपल्या पसंतीचे रोप घेऊन स्वतः सांभाळण्याची मुभा दिली. दुसऱ्या मजल्यावरही रोपे वाटली, पण सारी काळजी कर्मचारी घेतील आणि पाणी परिचारिका घालतील, असे सांगितले. काही आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही, सतर्क आणि मिसळणारा आढळला. प्रयोग लहान होता. त्यावरून फार मोठे दावे करणे उचित नाही. पण रोपे दोन्हीकडे होती, हे विसरू नये. फरक होता तो जबाबदारी कोणाची, एवढाच.

आपल्या घरांत प्रेमापोटी दुसऱ्या मजल्याचाच प्रकार अधिक घडतो. “आई, तू बस, मी करते.” “बाबा, तुम्ही कशाला उठता?” या वाक्यांत माया असते, यात शंका नाही. परंतु प्रत्येक काम हातातून काढून घेतलेल्या माणसाचे स्नायू आणि उमेद दोन्ही झिजतात. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना माझे सांगणे असे, की जड कुंडी उचलणे, माती कालवणे, ताटली घासणे ही कामे आपण करावीत. आज पाणी द्यायचे की नाही, हा निर्णय मात्र आईवडिलांचा असू द्यावा. हात थरथरत असतील, तर लहान तोंडाची झारी द्यावी. झारी काढून घेऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला “पाणी घातलंत का?” असे विचारून परीक्षा घेऊ नये, सोबत उभे राहून “माती बघू या का?” असे म्हणावे. अशा घरात कण्हेर किंवा डिफेनबेकिया यांसारखी विषारी झाडे हाताशी नसावीत. रोजमेरीची दोन पाने चुकून चघळली गेली, तरी काळजीचे कारण नाही.

रोप कधी मरेलही. तसे झाल्यास कोणी कोणाला बोल लावू नये. कुंडी रिकामी करून उन्हात तापवावी, नवी माती भरावी आणि ऑक्टोबरात दुसरे रोप आणावे. आणायला जाताना ज्यांनी ते सांभाळायचे त्यांना सोबत न्यावे आणि निवड त्यांनाच करू द्यावी.