तेंडुलकर, प्रिया

(१९ ऑक्टोबर १९५४–१९ सप्टेंबर २००२). दूरचित्रवाणी, चित्रपट व रंगभूमी या क्षेत्रांतील भारतीय अभिनेत्री व मराठी कथालेखिका. विख्यात नाटककार विजय तेंडुलकर यांच्या त्या कन्या. अभिनयाचा व्यवसाय स्थिरावेपर्यंत त्यांनी पंचतारांकित उपाहारगृहातील स्वागतिका, हवाई सुंदरी, प्रतिरूपिका, वृत्तनिवेदिका अशी विविध कामे केली. श्याम बेनेगल यांच्या अंकुर (१९७४) या हिंदी चित्रपटात त्यांनी तरुण जमीनदाराच्या पत्नीची भूमिका केली. त्यानंतर गोंधळात गोंधळ, थोरली जाऊ, मुंबईचा फौजदार इ. मराठी चित्रपटांतून त्या नायिका म्हणून पुढे आल्या.

तथापि त्यांना देशव्यापी ओळख मिळाली, ती बासू चतर्जी दिग्दर्शित रजनी (१९८५) या हिंदी मालिकेमुळे. दूरदर्शन ही त्या वेळी देशातील एकमेव दूरचित्रवाणी सेवा होती आणि प्रायोजित मालिकांचा प्रघात नुकताच पडला होता. रविवारी सकाळी प्रक्षेपित होणाऱ्या या मालिकेची नायिका एक मध्यमवर्गीय गृहिणी होती. स्वयंपाकाच्या गॅसचे वितरण, टॅक्सीचालकांची अरेरावी, सरकारी कचेरीतील दिरंगाई अशा नित्याच्या गाऱ्हाण्यांविरुद्ध ती उभी राही व ती तडीस नेई. साधी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, स्पष्ट उच्चार आणि आवाज न चढवताही समोरच्याला निरुत्तर करणारी करारी मुद्रा यांमुळे ही व्यक्तिरेखा घरोघरी परिचित झाली. तिचा प्रभाव केवळ करमणुकीपुरता नव्हता. टॅक्सीचालकांविषयीच्या भागाने संतप्त झालेल्या चालकांनी मुंबई दूरदर्शन केंद्रावर मोर्चा नेला. गॅस वितरकांनीही नाराजी व्यक्त केली. ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला. त्याचे श्रेय या मालिकेला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. ग्राहक चळवळ तिच्या आधीपासूनच कार्यरत होती. मात्र तक्रार करणे हा भांडखोरपणा नसून हक्क आहे, ही जाणीव रुजविण्यात मालिकेचा वाटा निश्चितच आहे. एरवी वर्षानुवर्षे रेंगाळणारा प्रश्न एका भागात सुटतो, हा तिच्यातील भाबडेपणा होय. त्या काळच्या प्रेक्षकाला बहुधा तोच दिलासा वाटला असावा.

या यशाची दुसरी बाजू अशी, की भूमिका आणि अभिनेत्री यांतील सीमारेषा पुसट झाली. पुढे प्रिया तेंडुलकर यांनी सामाजिक प्रश्नांवरील चर्चात्मक कार्यक्रमाचे संचालनही केले, तेव्हा प्रेक्षकांना त्यांच्यात रजनीच दिसे. हम पाँच (१९९५) या विनोदी मालिकेतील त्यांची भूमिका या दृष्टीने लक्षणीय आहे. दिवंगत पत्नीच्या भूमिकेत त्या केवळ भिंतीवरील तसबिरीतून बोलत व अशोक सराफ यांनी साकारलेल्या पतीला चार शब्द सुनावीत. अंगविक्षेपास मुळीच वाव नसताना निव्वळ चेहरा व संवादफेक यांवर त्यांनी ही भूमिका रंगविली. त्रिमूर्ती (१९९५) व गुप्त (१९९७) या हिंदी चित्रपटांतही त्यांच्या दुय्यम भूमिका आहेत.

ज्याचा त्याचा प्रश्न, जन्मलेल्या प्रत्येकाला, जावे तिच्या वंशा, असंही, पंचतारांकित ही त्यांची पुस्तके. पडद्यावरील प्रतिमेमुळे त्यांच्या लेखनाकडे मात्र काहीसे दुर्लक्ष झाले. रजनी मालिकेत त्यांच्या पतीची भूमिका करणारे अभिनेते व लेखक करण राझदान यांच्याशी त्यांचा १९८८ मध्ये विवाह झाला. १९९५ मध्ये ते विभक्त झाले. कर्करोगाशी झुंज देत असताना हृदयविकाराच्या झटक्याने मुंबई येथे त्यांचे निधन झाले.