न उघडणारी छत्री

अळंबीची छत्री उघडते ती बीजाणू पसरवण्यासाठी. छत्रीखालच्या पातळ पडद्यांवर बीजाणू तयार होतात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब साठतो. तो बीजाणूवरील पाण्याच्या थरात मिसळताच पृष्ठताणाची ऊर्जा मोकळी होते आणि बीजाणू पडद्यापासून दूर फेकला जातो. मग तो खाली पडतो व वाऱ्यावर जातो. छत्री मिटलेली असेल तर ही सारी यंत्रणा निरुपयोगी!

तरीही काही कवकांची छत्री पूर्ण उघडतच नाही. राजस्थानच्या वाळूत, तसेच आफ्रिका व ऑस्ट्रेलियात वाळवीच्या वारुळांवर उगवणारे पोडॅक्सिस हे त्यांपैकी एक. त्याचे बीजाणू फेकले जात नाहीत. टोपी सुकून फाटली की वारा ते उडवून नेतो. कोरड्या हवेत बंद टोपीमुळे आतील ओलावा टिकत असावा.

हा बदल अवघड नसतो. लेंटिनस टायग्रिनस या अळंबीत एकाच जनुकातील अप्रभावी बदलामुळे छत्री मिटलेली राहते, असे 1994 साली हिबेट व सहकाऱ्यांनी दाखवले. मात्र बीजाणू फेकण्याची यंत्रणा एकदा गमावली, की परतीची वाट जवळजवळ बंद होते असे दिसते.

पूर्वी पोडॅक्सिसची गणना बंद गोळ्यांसारख्या कवकांत होई. डीएनएच्या अभ्यासानुसार मात्र ते बाजारातल्या बटन अळंबीच्याच कुळातले आहे. वर्गीकरण शिकवताना हे उदाहरण आपण जरूर घ्यावे : रूप सारखे म्हणजे नाते जवळचे, असे नव्हे.