गुन्हेगारीशास्त्रात एमए : पकडण्यापलीकडचे शिक्षण

‘क्रिमिनॉलॉजीत एमए करायचे आहे,’ असे मुलीने घरी सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे सीआयडीत जाणार का?’ दुसरा, ‘ते बोटांचे ठसे वगैरे?’ दोन्हींचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते. ठसे, रक्ताचे डाग, विषाचे अंश तपासणे हे न्यायसहायक विज्ञानाचे काम. त्याला विज्ञान शाखेची पदवी लागते आणि नोकरी मुंबईतल्या कलिन्यासारख्या प्रयोगशाळेत. फौजदार व्हायचे तर कोणत्याही शाखेची पदवी चालते, पुढे एमपीएससीची परीक्षा आणि शारीरिक चाचणी. मग या एमएत दोन वर्षे शिकवतात तरी काय?

अभ्यासक्रमाचे ढोबळ दोन भाग पडतात. माणूस गुन्हा का करतो, हा पहिला. आरोप झाल्यावर पोलिस, न्यायालय आणि तुरुंग त्या माणसाचे काय करतात, हा दुसरा.

पहिल्या भागात इटलीचा बेकारिया भेटतो. शिक्षा क्रूर असण्यापेक्षा खात्रीची आणि वेळेवर असावी, असे त्याने १७६४ मध्ये मांडले. मग येतो लोम्ब्रोसो. कवटी, जबडा, कान यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, हा त्याचा १८७६ मधल्या पुस्तकातला दावा आज कुणी मानत नाही. पण आपल्याकडे तो हसून सोडून देण्यासारखा नाही. त्याच्या पाच वर्षे आधीच ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्माने शिक्का मारला होता. पुढे तो मुंबई प्रांतातही आला. १९५२ मध्ये केंद्राने तो रद्द केला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, ही रीत त्यासोबत संपली नाही. सिद्धांत चुकला की किंमत कोण मोजतो, हे विद्यार्थ्याला इथे कळते.

दुसऱ्या भागाचा खरा वर्ग भरतो तो क्षेत्रकार्यात. समजा, चोरीच्या आरोपाखाली एक परप्रांतीय मजूर आत आहे. जामीन मंजूर झालेला आहे, तरी तो बाहेर येत नाही, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदाराकडे रेशनकार्ड हवे, पगाराचा पुरावा हवा, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हवा. मजुराचा मोबाइल मुद्देमालात जमा आहे आणि घरचा नंबर त्याला पाठ नाही. अशा वेळी गावाकडच्या नातेवाइकांचा माग काढणे, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला गाठणे, जामीनदाराऐवजी जातमुचलक्यावर सुटका व्हावी म्हणून अर्जाला लागणारी माहिती जमवणे, हे काम विद्यार्थी शिकतो. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. त्यामुळे हे काम किरकोळ नाही.

कायद्याचे ज्ञान इथे रोज लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की तो सुटकेस पात्र ठरतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तर ही सवलत नाही. न्यायालयाला लेखी कळवायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. पण कुणाची मुदत कधी भरते, याचा हिशेब कुणीतरी ठेवावा लागतो.

आकडे वाचणे हीही एक विद्या. एकाच घटनेत अनेक गुन्हे असले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक आकडेवारीत ती त्यांतल्या सर्वांत गंभीर गुन्ह्याखालीच मोजली जाते. एखाद्या राज्यात गुन्हे जास्त दिसले, तर तिथे गुन्हे वाढले की नोंद प्रामाणिकपणे होते, हे आधी तपासायचे असते.

क्षेत्रकार्यातल्या निरीक्षणाचे वजन मुंबईने पाहिलेले आहे. कोठडीत महिलांना मारहाण होते, असे पत्र पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात जाऊन महिला कैद्यांच्या मुलाखती घ्यायला सांगितले. त्यांचा अहवाल आल्यावर १९८३ चा निकाल लागला : महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला शिपाई आणि अटक होताच विधी सहाय्य समितीला कळवणे बंधनकारक.

शिकायचे कुठे? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय समाजकार्याच्या अंगाने शिकवला जातो. कच्च्या कैद्यांसोबत काम करणारा ‘प्रयास’ हा तिचाच १९९० पासूनचा प्रकल्प. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठाचा विभाग १९५९ पासूनचा आहे. गांधीनगरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा कल तपासाकडे अधिक. नाव सारखे असले तरी वळण वेगळे, म्हणून प्रवेशाआधी विषयांची यादी आणि क्षेत्रकार्याचे तास पाहावेत.

नोकऱ्यांच्या जाहिराती रोज निघत नाहीत, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे. परिवीक्षा अधिकारी, निरीक्षणगृहातील बालकांसोबतचे काम, स्वयंसेवी संस्था, संशोधन आणि नेट देऊन अध्यापन, या मुख्य वाटा. पैकी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल वाचून न्यायाधीश पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या तरुणाला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी पाठवू शकतात. १९५८ च्या कायद्याने ती सोय केली आहे. दोन-चार पानांच्या अहवालावर एखाद्याचे आयुष्य कोणत्या बाजूला वळेल हे ठरत असेल, तर तो लिहिणारा शिकलेला असावा, एवढी अपेक्षा रास्तच आहे.