जतन लोखंडाचे की विद्येचे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या आगगाडीची इंजिने इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत घडली होती. त्याच कारखान्यातून १९६१-६२ मध्ये बावीस डिझेल इंजिने बाहेर पडली. 'डेल्टिक' हे त्यांचे नाव. लंडन-एडिंबरो मार्गावर ताशी १०० मैल वेगाने धावणाऱ्या या बावीस इंजिनांनी वाफेच्या पंचावन्न इंजिनांना निवृत्त केले. काहींना, त्या मार्गाच्या जुन्या प्रथेनुसार, शर्यतीच्या घोड्यांची नावे मिळाली. त्यांपैकी 'तुल्यार' हा आगाखानांचा, १९५२ ची डर्बी जिंकणारा घोडा.

या इंजिनांचे वैशिष्ट्य त्यांच्या पोटातील यंत्रात होते. युद्धोत्तर काळात ब्रिटिश नौदलाला वेगवान नौकांसाठी पेट्रोलऐवजी डिझेलवर चालणारे, पण वजनाने हलके यंत्र हवे होते. नेपियर कंपनीने ते त्रिकोणात बसविले. सिलिंडर म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी. तीत दोन दट्ट्ये समोरासमोर. दोहोंमध्ये कोंडलेली हवा दाबाने तापते, तेलाचा फवारा पडताच ठिणगीवाचून पेट घेतो आणि दट्ट्ये परस्परांपासून दूर फेकले जातात. जाता जाता एक दट्ट्या धूर जाण्याची वाट उघडतो, दुसरा ताजी हवा येण्याची. झडपांची गरजच उरत नाही. अशा तीन नळ्यांचा त्रिकोण, त्याच्या तीन कोनांवर तीन क्रँकशाफ्ट, आणि असे सहा त्रिकोण एकापुढे एक: अठरा सिलिंडर, छत्तीस दट्ट्ये.

अडचण एकच होती. धुराची वाट हवेच्या वाटेआधी किंचित उघडली पाहिजे. तीनही क्रँकशाफ्ट एकाच दिशेने फिरले तर हा मेळ तिन्ही बाजूंस बसत नाही. नौदलाच्या खात्यातील हर्बर्ट पेनवॉर्डन यांनी सुचविले की, एक क्रँकशाफ्ट उलट फिरवावा. कोडे सुटले. प्रत्येक इंजिनात १,६५० अश्वशक्तीची अशी दोन यंत्रे जनित्रे फिरवीत आणि त्या विजेवर आसांवरील सहा मोटारी चालत. त्याच काळातील दुसऱ्या एका ब्रिटिश इंजिनाची शक्ती २,००० अश्वशक्ती व वजन सुमारे १३३ टन होते. डेल्टिकची ३,३०० आणि वजन सुमारे १०० टन.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक धडा मिळतो. इतके गुंतागुंतीचे यंत्र जागेवर दुरुस्त होत नसे; ते सबंध उतरवून दुसरे बसवावे लागे. अवघ्या बावीस इंजिनांसाठी जादा यंत्रे आणि निष्णात कामगार बाळगण्याचा हा खर्च वेगवान गाड्यांच्या उत्पन्नावर सोसत होता. १९७८ मध्ये त्या मार्गावर नव्या अतिवेगवान गाड्या आल्या, उत्पन्न तिकडे गेले, खर्च मात्र मागे राहिला. ३१ डिसेंबर १९८१ रोजी डेल्टिकने आपली अखेरची नियमित सेवा संपविली. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय चुकीचा नव्हता.

परंतु हिशेबात न बसणारी गोष्ट पुढे घडली. बावीसपैकी सहा इंजिने वाचली. १९७७ मध्येच स्थापन झालेल्या हौशी मंडळींच्या संस्थेने तीन विकत घेतली आणि पुढे त्यांच्यासाठी बॅरो हिल येथे स्वतंत्र शेड उभारली. केवळ रंग देऊन ती उभी करण्यात त्यांना समाधान नव्हते. ती चालली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. तो भावनेपुरता नाही. उभ्या इंजिनावरून आकार कळतो, चालत्या इंजिनावरून विद्या कळते. कोणता आवाज निकोप, कोणता बिघाडाचा, गळती कोठून सुरू होते, हे नकाशात लिहिलेले नसते. ते हाताकडून हाताकडे जाते. हात थांबले की भांडवलाचा हा अदृश्य भाग एका पिढीत नष्ट होतो.

धूर ओकणाऱ्या जुन्या यंत्रांवर पैसा कशाला, असा आक्षेप रास्त वाटेल. पण वर्षातून काही दिवस धावणाऱ्या चार-दोन इंजिनांचा धूर तो किती? आणि पैसा पुष्कळसा हौसेचा, वर्गणीचा असतो.

आपल्यापुढे हाच प्रश्न आता उभा आहे. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या तंत्रावर वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने बनली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. दोन हजारांहून अधिक इंजिनांनी देशाचा गाडा कित्येक दशके ओढला. विद्युतीकरणामुळे त्यांची सद्दी संपली, हे इष्टच झाले. मात्र त्यांना भंगाराच्या तराजूत घालताना थोडा विवेक हवा. त्यांतील काही तरी चालत्या स्थितीत राहावीत, त्यांची हत्यारे व नकाशे एकत्र राहावेत, आणि शेडमधून निवृत्त झालेल्या कारागिरांजवळचे ज्ञान ते हयात असतानाच नोंदवून घ्यावे. लोखंड पुन्हा ओतता येते; गेलेला कारागीर पुन्हा घडविता येत नाही.