शाळेला सुट्टी, शिक्षकांची शाळा

ऑक्टोबर आला की ब्रिटिश कोलंबियातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : "शुक्रवारी शाळा नाही. मुलांचं काय करायचं?" तुम्ही ऑन्टारिओत राहत असाल तर हा प्रश्न तुम्हाला वर्षातून बऱ्याच वेळा पडत असेल. तिकडे त्या दिवसाला 'प्रो-डी डे' म्हणतात, इकडे 'पीए डे'. मग कुणी घरून काम करतं, कुणी भारतातून आलेल्या आजी-आजोबांवर मुलं सोपवतं, आणि बरेच जण मनातल्या मनात म्हणतात, "या शिक्षकांना सुट्ट्याच फार!"

ही सुट्टी असते फक्त मुलांना. शिक्षक त्या दिवशी काय करतात, ते आज पाहू.

ऑन्टारिओच्या नियमांनुसार शालेय वर्षात किमान १९४ दिवस लागतात. त्यातले जास्तीत जास्त सात दिवस शिक्षकांच्या व्यावसायिक कामासाठी ठेवता येतात आणि त्यातले तीन प्रांताने ठरवलेल्या विषयांना द्यावेच लागतात. विषय वरून ठरून येतो, शिक्षक ऐकतात. हा झाला एक प्रकार.

दुसरा प्रकार जास्त रंजक आहे. ब्रिटिश कोलंबियात ऑक्टोबरातला एक शुक्रवार विषयवार शिक्षक-संघटनांच्या परिषदांसाठी असतो. या संघटना शिक्षकच चालवतात. विज्ञान शिक्षकांच्या परिषदेचं नाव आहे 'कॅटलिस्ट', म्हणजे उत्प्रेरक! तिथे अनेक सत्रं वर्गावर शिकवणारे शिक्षकच घेतात. ऑन्टारिओत २००७ साली प्रांताचं शिक्षण मंत्रालय आणि शिक्षक महासंघ यांनी मिळून एक योजना सुरू केली. अनुभवी शिक्षकांनी आपल्या वर्गातला प्रश्न स्वतः निवडायचा, त्यावर काम करण्यासाठी निधी मिळवायचा आणि शेवटी एकत्र जमून काय सापडलं ते इतर शिक्षकांना सांगायचं. त्याही पुढची पायरी म्हणजे 'एडकँप'. २०१० साली फिलाडेल्फियात सुरू झालेला हा प्रकार पुढे कॅनडातही आला. त्यात कार्यक्रमपत्रिका आधी ठरलेली नसते. सकाळी भिंतीवर रिकामं वेळापत्रक लावतात, ज्याला जे बोलायचंय ते त्याने तिथे लिहायचं. एखाद्या सत्रात मन रमलं नाही तर खुशाल उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

तुम्ही विचाराल, यासाठी एकत्र जमायला कशाला हवं? एक परिपत्रक पाठवलं तर भागत नाही का?

पुरणपोळीची कृती आठवा. पुस्तकात लिहिलेलं असतं, "पुरण घट्ट होईपर्यंत शिजवा." किती घट्ट? आई सांगते, उलथनं पुरणात सरळ उभं राहिलं पाहिजे. कणीक किती सैल, हे तर हात लावल्याशिवाय कळतच नाही. शिकवण्याचंही असंच आहे. प्रश्न विचारल्यावर किती वेळ गप्प बसायचं, चुकीचं उत्तर आलं तर चेहऱ्यावर काय ठेवायचं, हे कागदावर उतरत नाही. ते एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे, पाहून आणि बोलूनच जातं.

कॅनडातलंच एक उदाहरण घ्या. सायमन फ्रेझर विद्यापीठातले गणितशिक्षणाचे प्राध्यापक पीटर लिलयेदाल अनेक वर्गांत जाऊन बसले. त्यांना दिसलं, की मुलं गणितं उतरवून घेतात, पण स्वतः विचार फारसा करत नाहीत. मग त्यांनी शिक्षकांना सोबत घेऊन छोटे छोटे बदल करून पाहिले. एका प्रयोगात दहावी ते बारावीच्या मुलांचे गट करून प्रत्येकाला लिहायला वेगळी जागा दिली : उभा व्हाइटबोर्ड, आडवा व्हाइटबोर्ड, भिंतीवरचा मोठा कागद, टेबलावरचा मोठा कागद आणि वही. व्हाइटबोर्डवर पहिली गणिती खूण उमटायला साधारण २० सेकंद लागली. मोठ्या कागदावर दोन मिनिटांहून जास्त! पुसता येतं म्हटलं की चुकायची भीती जाते. वहीवरही मुलं लवकर लिहू लागली, पण चर्चा, उत्साह आणि चिकाटी उभ्या व्हाइटबोर्डपुढे जास्त दिसली. २०२० साली लिलयेदालांचं पुस्तक आलं आणि आज अनेक देशांतल्या गणिताच्या वर्गांत मुलं फळ्यापाशी उभी राहून गणितं सोडवताना दिसतात. यात शिक्षकांनी शिक्षकांना सांगण्याचा वाटा मोठा आहे.

पण थांबा. विज्ञानाचे वाचक म्हणून तुम्हाला इथे शंका यायला हवी. या प्रयोगात मोजला गेला तो मुलांचा सहभाग. मुलं जास्त शिकली का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर २० सेकंदांत मिळत नाही.

शिवाय ज्या वाटेने चांगली युक्ती पसरते, त्याच वाटेने चुकीची समजूतही पसरते. "कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवा." हे तुम्हीही ऐकलं असेल. ऐकायला किती पटतं! पण २००८ साली मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा असं जुळवून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. तरीही २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांचा त्यावर विश्वास होता. म्हणजे नुसतं "माझ्या वर्गात मजा आली" हे सांगणं पुरेसं नाही.

मग उपाय काय? तो आपल्याकडे घडून गेला आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो बराच वाढला आणि २००२ साली बंद करण्यात आला. त्यात शिक्षकांच्या मासिक बैठका होत. कुठला प्रयोग जमला, कुठला फसला, मुलांनी कुठला प्रश्न विचारून अडवलं, हे शिक्षक तिथे येऊन सांगत. त्यातून 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तकं सुधारली गेली. सगळी गंमत या परतफेरीत आहे. युक्ती घेऊन जा, वर्गात करून पाहा, काय झालं ते परत येऊन सांगा. फसलं असेल तर आधी ते सांगा. प्रयोगशाळेत चालतं ते याहून वेगळं काय असतं?

महाराष्ट्रातही केंद्राकेंद्रांत शिक्षण परिषदा भरतात. तिथे असो, टोरंटोत असो वा व्हँकुव्हरमध्ये, कसोटी एकच : पुढच्या वेळी कुणी विचारतं का, की "मागच्या वेळी ठरवलं होतं, त्याचं काय झालं?"

हे विचारण्याचा अधिकार पालक म्हणून तुम्हालाही आहे. पुढच्या पालकसभेत मुलाच्या गुणांबद्दल बोलून झालं, की शिक्षकांना सहज विचारा, "त्या शुक्रवारी नवीन काय मिळालं? वर्गात करून पाहिलंत का?" त्यांनी हसून "पाहिलं, पण जमलं नाही" असं सांगितलं, तर नाराज होऊ नका. त्या दिवशी मुलं घरी बसली ती वाया गेली नाहीत. शिक्षकांनी खरोखरच प्रयोग केला आहे.