तपकिरी टोपीच्या खाली

जुलै महिन्यात सह्याद्रीतल्या कुठल्याही पायवाटेवर खाली बघून चाललं, की ती दिसतातच. नखाएवढी टोपी, काडीएवढा देठ आणि तपकिरी रंग. कुजक्या फांदीवर, पालापाचोळ्यात, शेणावर, गवतात ही छोटी भूछत्रं उभी असतात. लालभडक किंवा पांढरंशुभ्र भूछत्र दिसलं तर माणसं थांबतात, फोटो काढतात. या तपकिरी मंडळींकडे मात्र ‘कुत्र्याच्या छत्र्या’ म्हणून बघून न बघितल्यासारखं केलं जातं. कवकांचा अभ्यास करणारे जाणकारही त्यांच्यापुढे हात टेकतात. ‘लहान तपकिरी अळंबी’ असा एक कप्पाच त्यांनी करून ठेवला आहे आणि नाव न लागलेलं बरंच काही त्यात जातं. त्या कप्प्यात जगभरच्या शेकडो जाती आहेत, आणि त्यातल्या कित्येकींचं एकमेकींशी जवळचं नातंही नाही.

तरीही अळंबी ओळखायला शिकायचं असेल, तर सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. देखणं भूछत्र पुस्तकातल्या चित्राशी जुळवून मोकळं होता येतं. तपकिरी भूछत्र तशी सोय ठेवत नाही. ते बघायला शिकवतं.

पहिली गोष्ट कळते ती ही, की टोपीच्या रंगावर फार विसंबून चालत नाही. ‘सॅथिरेला’ ही एक मोठी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. तिच्यातली पुष्कळ भूछत्रं पावसात भिजलेली असताना गडद तपकिरी दिसतात. ऊन पडलं की टोपी सुकू लागते आणि सुकलेला भाग फिका, मातकट होतो. हा फिकटपणा बहुधा मधल्या उंचवट्यापासून कडेकडे सरकतो, त्यामुळे दुपारी एकाच टोपीवर फिकं वर्तुळ आणि भोवती गडद कडा दिसते. सकाळचा फोटो आणि दुपारचा फोटो शेजारी ठेवले, तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. पण हा बदलच ओळखीची खूण असतो. सगळीच भूछत्रं असा रंग टाकत नाहीत.

मग नजर टोपीवरून खाली येते. भूछत्र कशावर उगवलं आहे? लाकडावर, पानावर, शेणावर, की मातीत? मातीतून वर आलेलं दिसलं तरी खाली गाडलेली काटकी असू शकते. म्हणून उपटायचं नाही, चाकूने भोवतालच्या मातीसकट अलगद उकरायचं. वारुळाजवळच्या अळंब्यांमध्ये हे उकरणं खरं आश्चर्य दाखवतं. देठ जमिनीत शिरतो तो मुळासारखा निमुळता होत खोल जातो आणि थेट वाळवीच्या दालनात पोहोचतो. वाळवी तिथे ‘टर्मिटोमायसीस’ या कवकाची शेती करते. चघळलेल्या लाकूड-पाल्याच्या गाद्यांवर ती हे कवक वाढवते, आणि हा व्यवहार सुमारे ३ कोटी वर्षं चालू आहे. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी वारुळावरची अळंबी याच प्रजातीची.

पालापाचोळ्यात तर एकेका कुजणाऱ्या पानावर मॅरास्मियस उभा असतो. त्याचा देठ घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा काळा, ताठ आणि चिवट. चार दिवस पावसाने दडी मारली की याची टोपी आक्रसून कोरड्या कपच्यासारखी होते. आता मेलं, असं वाटतं. पुन्हा सर आली की तीच टोपी पाणी पिऊन उलगडते आणि पुन्हा बीजाणू सोडू लागते. त्याच पाचोळ्यात नाजूक, करड्या-तपकिरी मायसीना असतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजकं लाकूड हिरवट उजळलेलं दिसतं, ते मायसीनासारख्या, अंधारात उजळणाऱ्या कवकांमुळे. त्यांच्या पेशींतल्या एका द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून उष्णता जवळजवळ न होता प्रकाश निघतो.

पण नवख्याच्या हातात खरी किल्ली येते ती बीजाणूंचा ठसा घेतल्यावर. अळंबीला बी नसतं. धुळीपेक्षा बारीक बीजाणूंनी ती पसरते, आणि एकेक बीजाणू साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान. सुटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, पण लाखोंनी साचले की रंग दिसतो. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्यायचा. देठ कापून टोपी दोन्ही रंगांच्या मधोमध पालथी न घालता, जशी उगवली तशीच, खालच्या पट्ट्या कागदाला टेकतील अशी ठेवायची. वर वाटी झाकायची. टोपी सुकलेली असेल तर तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी वाटी आणि टोपी उचलली, की कागदावर केंद्रातून निघालेल्या बारीक रेषा उमटलेल्या असतात. पट्ट्यांमधली प्रत्येक फट त्या ठशात वाचता येते.

आणि आता खरी गंमत. वरून सारख्याच तपकिरी दिसणाऱ्या पाच टोप्यांचे ठसे पाच रंगांचे येऊ शकतात! मायसीना आणि मॅरास्मियस यांचा पांढरा, एन्टोलोमाचा गुलाबी, कोनोसायबीचा गंजासारखा, सॅथिरेलाचा काळपट-जांभळट तपकिरी आणि शेणावरच्या पॅनिओलसचा काळा. एलियास फ्रीस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पट्ट्यांच्या अळंब्यांची मांडणी याच रंगांवर केली. आज डीएनएच्या अभ्यासाने ती मांडणी बरीच मोडली, पण ओळखीची पहिली पायरी म्हणून बीजाणूंचा रंग दोनशे वर्षं टिकून आहे.

पॅनिओलसची टोपी उलटी करून भिंगातून जरूर बघा. पट्ट्या एकसारख्या रंगाच्या नसतात, करड्या आणि काळ्या ठिपक्यांनी चितरलेल्या असतात. बीजाणू सगळीकडे एकाच वेळी पिकत नाहीत, ठिकठिकाणच्या तुकड्यांत पिकतात, म्हणून हे चितारकाम. पिकलेले बीजाणू गवतावर पडतात, गवताबरोबर गाई-म्हशींच्या पोटात जातात, तिथून धडधाकट बाहेर येतात आणि शेणात रुजतात.

हे बीजाणू नुसते गळत नाहीत, ते फेकले जातात. पट्टीच्या पृष्ठभागावरच्या पेशींना बहुधा चार-चार सूक्ष्म शिंगं असतात आणि प्रत्येक शिंगाच्या टोकावर एक बीजाणू बसलेला असतो. दमट हवेत त्याच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब धरू लागतो. बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर जमतो. थेंब फुगत फुगत त्या थराला टेकला की दोन्ही क्षणात एक होतात, पाणी झटक्यात सरकतं आणि त्या धक्क्याने बीजाणू उडतो. तो वेग घेतो तो गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट त्वरणाने. पण इतक्या हलक्या कणाला हवा लगेच अडवते. मिलिमीटरचा एखादा अंश जेमतेम कापला की तो थांबतो, म्हणजे समोरच्या पट्टीवर आपटण्याआधीच, दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथून तो सरळ खाली पडतो आणि वाऱ्यावर निघून जातो. कॅनडात विनिपेगला शिकवणाऱ्या रेजिनाल्ड बुलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या थेंबाचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून त्याला बुलरचा थेंब म्हणतात. भूछत्रांना पावसाळी, दमट हवा का लागते, याचं एक कारण या थेंबात आहे.

ठशाने बहुधा प्रजातींचा एक लहान गट हाती येतो. त्यानंतर वास घ्यावा, कारण काही भूछत्रांना कच्च्या पिठाचा, काहींना मुळ्याचा वास येतो. देठावर कडं आहे का, तेही पाहावं. जातीपर्यंत पोहोचायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तिथे इनोसायबीच्या काही जातींचे गाठाळ बीजाणू आणि एन्टोलोमाचे कोनदार बीजाणू बघणं हा स्वतंत्र आनंद आहे. कवकांची ओळख पटवण्यासाठी डीएनएचा एक ठरावीक तुकडा २०१२ मध्ये सर्वमान्य झाला. आजवर जगात सुमारे दीड लाख कवकांना नावं मिळाली आहेत. २०१७ मधला एक अंदाज सांगतो की प्रत्यक्षात ती २२ ते ३८ लाख असावीत. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातल्या अळंब्यांवर ग्रंथ काढला, आणि तिच्याच आघारकर संशोधन संस्थेत आज कवकांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तरीही आपल्या डोंगरांतलं पुष्कळ काही अजून नोंदवायचं राहिलं आहे.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. या तपकिरी भूछत्रांपैकी एकही खाण्यासाठी तोडू नये. थंड प्रदेशांत कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटामध्ये आणि लेपिओटाच्या काही छोट्या जातींमध्ये अ‍ॅमाटॉक्सिन हे विष असतं. पेशीत जनुकांवरून आरएनए तयार करणारं एन्झाइम ते बंद पाडतं, आणि मग पेशीला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत. खाल्ल्यावर कित्येक तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, नंतर बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. शिजवून किंवा वाळवून हे विष जात नाही. इनोसायबीच्या अनेक जातींत मस्करिन असतं. त्याने दरदरून घाम येतो, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, नाडी मंदावते. चांदीचा चमचा काळा पडतो का ते बघा, किड्यांनी खाल्लेली असेल तर चालते, असल्या कसोट्या सपशेल खोट्या आहेत. चुकून खाल्लं गेलंच, तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता उरलेलं भूछत्र बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

हाताळायला मात्र भीती नाही. विष पोटात गेलं तरच बाधतं, बोटांना लागून नाही. तेव्हा या पावसाळ्यात एखादंच भूछत्र उकरून घरी आणा, बाकीची तिथेच राहू द्या. तारीख, जागा, कशावर उगवलं होतं, ओलं असतानाचा आणि सुकल्यावरचा रंग, वास, हे वहीत लिहा. त्याच पानावर ठशाचा कागद चिकटवा. खाली नाव लिहिताना प्रजातीपर्यंतच खात्री असेल तर तिथेच थांबा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. मुरलेले अभ्यासकही तसंच करतात.