तुणतुणे : एका तारेचे वाद्य

एखादे गृहस्थ तेच ते बोलू लागले की आपण म्हणतो, झाले यांचे तुणतुणे सुरू! या बोलण्याने त्या वाद्यावर मोठा अन्याय केला आहे. डफ कडाडत असतो, शाहीर पोवाड्यात चढ्या आवाजाने गात असतो. अशा वेळी मागचा झीलकरी जो एकच स्वर धरून उभा असतो, त्याच्याच आधारावर सारे गाणे चालते. संगमनेरच्या अनंत फंदींनी (१७४४-१८१९) ज्या फडांतून नाव मिळवले, त्यांची ओळखच मुळी 'डफ-तुणतुणे' अशी जोडीने होते.

आता हे वाद्य आहे तरी काय? लाकडाचे पोकळ नळकांडे, खालच्या तोंडाला कातडे, वरचे तोंड उघडे. बाजूला बांबूची काठी व तिच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार नळकांड्यातून वर खुंटीला जाते. नुसत्या तारेने हवा फारशी हलत नाही. ती कातड्याला ओढते, आणि कातडे हवेला हलवते. सतारीसारखी घोडी येथे लागतच नाही.

म्हणूनच सुराची पेटी घेण्यास ज्याच्यापाशी पैसा नाही, त्यालाही हे घरी करता येते. दोनेक किलोचा तेलातुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. तार म्हणून सायकलच्या जुन्या ब्रेकच्या दोरातील एक पदर सोडवून सरळ करावा. बुडाला मधोमध खिळ्याने भोक पाडावे व तारेच्या गाठीखाली शर्टाचे बटण घालावे. हे बटण विसरू नये. माझ्या पहिल्या खटपटीत तारेने पत्रा चिरला आणि सगळी संध्याकाळ वाया गेली. काठी सुमारे दोन-अडीच फुटांची हवी. बांबूला तापल्या सळईने भोके पाडावीत, नुसता खिळा ठोकल्यास तो उभा चिरतो. डब्याच्या आतून लाकडी पट्टी लावून काठी दोन बोल्टांनी आवळावी.

आता सुराचे गणित पाहा. तीच तार एक सप्तक वर चढवायची तर ताण चौपट करावा लागतो. पत्र्याचा डबा तो सोसणार नाही, वाकेल. उलट तार निम्मी केली तर त्याच ताणावर वरचे सप्तक मिळते. तेव्हा मुलांच्या किंवा बायकांच्या गळ्यासाठी खुंटी न पिळता काठीच आखूड करावी, हे शहाणपणाचे.

कातड्याचा गोडवा पत्र्याला नाही, हे कबूल केलेच पाहिजे. त्याचा आवाज थोडा किणकिणतो. पण पावसाळ्यात कातडे ओलसर होऊन स्वर उतरतो, गाणाऱ्याला ते शेकत बसावे लागते. पत्र्याला ती कटकट नाही. छेडायला लाकडाची लहानशी काडी पुरते. खुंटी घसरत असेल तर तिला खडूची पूड लावावी.